नऊ वेटोळी कमी

मी एक जुनी स्प्रिंग आहे. पेनातली नव्हे हं, मित्रांनो. पेनातल्या त्या माझ्या चुलत बहिणी. दिवसभर टकटक करायची आणि शाई संपली की पेनाबरोबर कचऱ्यात जायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. मी प्रयोगशाळेतली. जाडीला अंगठ्याएवढी, लांबीला तळहाताएवढी, दोन्ही टोकांना दोन हूक. एके काळी मी चकचकीत होते. आता माझा रंग, आम्हांला सांभाळणाऱ्या मेंग मावशींच्या शब्दांत सांगायचं तर, उन्हात वाळवलेल्या मुळ्याच्या फोडीसारखा झाला आहे. मावशी असं म्हणतात तेव्हा मला राग येत नाही, कारण त्या ते मला पुसता पुसता म्हणतात.

माझा जन्म इंचन बंदराजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. पियानोत असते तसली कडक पोलादी तार एका दांड्यावर गुंडाळून एका मुक्या कारागिराने आम्हां आठ बहिणींना एकाच दुपारी घडवलं. प्रत्येकीला ऐंशी वेटोळी. तपासनिसाने आम्हांला एकेक करून टांगलं, शंभर ग्रॅमचं वजन लावलं, पट्टी धरली. पाच सेंटीमीटर. दुसरी, पाच. तिसरी, पाच. आठही जणी एकसारख्या ताणल्या गेल्या, तेव्हा तो म्हणाला, "एका आईच्या शोभता." आणि आम्हांला लाकडी पेटीत निजवलं.

ती पेटी चुनचन गावी आली. तळ्याकाठच्या टेकडीवर विद्यापीठ आहे, तिथे विज्ञानाच्या दुसऱ्या इमारतीत, तळमजल्यावर, पहिल्या वर्षाच्या मुलांची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. तळ्यावरचं धुकं सकाळी खिडकीच्या फटीतून आत येतं आणि आमच्या अंगावर बसतं. तेव्हा गंजाबद्दल मला कुणी उपदेश करू नये.

पहिली काही वर्षं फार छान गेली. मुलं वजन लावत, पट्टी वाचत, भांडत. एक म्हणे चार पूर्णांक नऊ, दुसरी म्हणे पाच पूर्णांक एक, आणि दोघं मला पुन्हा टांगत. मला वाटे, माझ्यावरून भांडण होतंय म्हणजे मी कुणीतरी आहे.

मग हिरवी पुस्तिका आली. पायरी एक, स्प्रिंग टांगा. पायरी दोन, वजन लावा. अशा चौदा पायऱ्या, आणि चौदाव्या पायरीत छापलेलंच होतं की उत्तर अपेक्षेप्रमाणे आले. मुलांनी फक्त तक्ता भरायचा. ज्याचं उत्तर आधीच छापलेलं आहे त्यावर भांडणार कोण?

त्या पुस्तिकेमागोमाग जोकबो आली. इथे घराण्याच्या वंशावळीच्या वहीला जोकबो म्हणतात. पण विद्यार्थी त्याच नावाने वरच्या वर्गातल्या दादा-तायांनी खाली दिलेल्या जुन्या अहवालांना आणि प्रश्नपत्रिकांना ओळखतात. मार्चमध्ये नवी मुलं येतात आणि पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ताई प्रेमाने जोकबो हातात ठेवते, "घे बाळा, मलाही माझ्या ताईने दिली होती." देणारीचा जीव त्यात असतो, हे मी नाकारणार नाही. पण मुलं मला टांगून ठेवत आणि माझ्याकडे पाठ करून जोकबोतून आकडे उतरवून घेत. मी आपली हवेत लोंबत त्यांच्या पाठी बघायची.

याच काळात माझा हूक तुटला. कुणाची तरी पुस्तकांनी भरलेली पिशवी गमतीने मला अडकवली गेली. खालचा हूक गेला आणि त्याच्याजवळची वेटोळी ओढून सरळ झाली, शेवया व्हाव्यात तशी. मुलांनी मला तशीच पेटीत टाकली आणि झाकण लावलं.

सापडले ती मेंग मावशींना. मेंग सुन-ओक त्यांचं नाव. प्रयोगशाळेची साधनं सांभाळणं, दुरुस्त करणं, मुलांना ओरडणं आणि मग बटाटे खायला घालणं ही त्यांची कामं. त्यांनी मला उजेडात धरलं, "अगं बाई, काय दशा केली तुझी," म्हणाल्या. पक्कड घेतली, बिघडलेली वेटोळी कापली आणि उरलेल्या टोकाचा नवा हूक वळवला. नऊ वेटोळी गेली. राहिली एकाहत्तर.

मित्रांनो, स्प्रिंगची वेटोळी कमी झाली की ती आखडते. तेवढंच वजन तिला कमी ताणतं. माझंही तसंच झालं. आता शंभर ग्रॅमला मी पाच नाही, चार पूर्णांक चार सेंटीमीटरच लांबायची. मावशींना ते माहीत होतं. पण त्यांनी ते नोंदवहीत लिहिलं नाही. नोकरी दरवर्षी नव्याने पक्की होणारी, साधन मोडल्याचा ठपका कोण घेईल? त्यांनी स्वतःची समजूत घातली, "पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात येईल. विचारलं की सांगेन."

कुणी विचारलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. बारा वर्षं प्रत्येक अहवालात मी पाच पूर्णांक शून्य दोनच ताणली गेले. दर वर्षी जूनमध्ये मावशी अहवालांचा गठ्ठा बांधताना वरचा एक उघडून बघत आणि पुन्हा मिटत. आधी त्यात सुटका असे. नंतर नंतर मला वाटे, त्यांना थोडं वाईट वाटतंय.

मग ब्योन मॅडम आल्या.

ब्योन हे-रान. चाळिशीच्या, आखूड केस, वर्गातही पायांत रबरी सपाता. पहिल्याच तासाला त्यांनी हिरव्या पुस्तिका गोळा करून कपाटात ठेवल्या आणि कुलूप घातलं. मुलं घाबरून बघत राहिली.

"या वर्षी पायऱ्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पेटीत स्प्रिंगा आहेत, वजनं आहेत, पट्ट्या, चिमटे, दोरे आहेत. दोघादोघांचे गट करा आणि स्प्रिंगबद्दल एक प्रश्न स्वतः शोधा, ज्याचं उत्तर तुम्हांला माहीत नाही. ते शोधण्याची रीतही तुमचीच. सहा आठवडे देते."

"मॅडम, प्रश्न कोणता शोधायचा?"

"तो मी सांगितला तर माझा होईल."

"मॅडम, उत्तर चुकलं तर गुण?"

"कसं चुकलं ते सांगता आलं तर पूर्ण."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "याची जोकबोच नाही रे कुठे!" असा आर्त स्वर मी याआधी फक्त उपाहारगृहातला भात संपल्याची बातमी आल्यावर ऐकला होता.

पंधरा दिवसांत तक्रारअर्ज गेला. विभागप्रमुख यो इन-तेक सर स्वतः खाली आले. सर साठीचे, शिस्तीचे, पहिल्या वर्षाचे सगळे अहवाल वर्षानुवर्षं तेच तपासत आले होते. ते ओरडले नाहीत. ते कधी ओरडत नाहीत.

"ब्योन मॅडम, एक सत्र तुमचं. जूनमध्ये विभागासमोर मुलांना काम मांडू द्या. त्यांनी खरंच काही शोधलं असेल तर पुढच्या वर्षी चालू ठेवू. नसेल तर पुस्तिका परत आणायची. आणि साधनंही नवी घेऊ, बटण दाबलं की उत्तर देणारी बंद पेटी मिळते आता."

दुसऱ्या दिवशी भांडारातून माणूस आला आणि आमच्या लाकडी पेटीवर लाल चिठ्ठी चिकटवून गेला. जुनी साधनं टाकायची असली की ती चिकटवतात. वर तारीख होती, जूनअखेरची. मावशी ती चिठ्ठी नखाने खरवडत होत्या, पण डिंक चांगल्या प्रतीचा होता.

मुलं मात्र हळूहळू कामाला लागली. एका गटाने माझ्या बहिणीला बर्फात पुरलं, थंडीत ती आखडते का बघायला. एका गटाने दोघींना शेजारी शेजारी टांगलं. एका गटाचं काहीच जमलं नाही. ब्योन मॅडमनी त्यांना का जमलं नाही ते फळ्यावर काढायला लावलं आणि इतक्या खूश झाल्या की मुलांना संशय आला.

मी चू दासोम आणि ग्वाक उन-ग्योल यांच्या वाट्याला आले.

दासोम पहिल्या वर्षाची, बडबडी, नाकावर सतत चष्मा वर ढकलणारी. उन-ग्योल दोन वर्षं लष्करात राहून परत आलेला. इथे अशा मुलांना वर्गातली पोरं जीवाश्म म्हणतात. त्याने हा विषय पूर्वी एकदा घेतला होता, गुण कमी पडले म्हणून पुन्हा घेत होता.

"अहो जीवाश्म दादा, डोळे उघडा," दासोम म्हणाली. "प्रश्न शोधायचाय."

"आधी स्प्रिंग कशी वागते ते मोजू. किती ताणते ते तर मला तोंडपाठ आहे. पाच पूर्णांक शून्य दोन."

"मग मोजायचं कशाला?"

"मॅडम बघतायत म्हणून."

दासोमने वजन लावलं, वाकून पट्टी वाचली. चष्मा वर ढकलला. पुन्हा वाचली.

"चार पूर्णांक चार."

"चुकलीस. पुन्हा."

"चार पूर्णांक चार."

"पट्टी वाकडी असेल."

पट्टी बदलली. वजन बदललं. स्टँड बदलला. उन-ग्योलने स्वतः वाचलं. मी त्यांना मदत तर करू शकत नव्हते. मी आपली खरी तेवढीच ताणली जात राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यावरून भांडत होतं आणि माझ्या प्रत्येक वेटोळ्यात कसंतरीच होत होतं.

आठव्यांदा चार पूर्णांक चार आल्यावर दासोम रडवेली झाली. "आपल्यालाच मोजता येत नाही, दादा. एवढ्या सगळ्यांना पाच आलं."

"पाच लिहून टाकू," उन-ग्योल हळूच म्हणाला. "जूनमध्ये सगळा विभाग बसणार आहे. चुकीचं मोजलं म्हणून हसं झालं तर मॅडमचा वर्गच जाईल. आपल्यामुळे."

दासोम उठली आणि सरळ ब्योन मॅडमकडे गेली. "मॅडम, पाच लिहू का?"

"तू काय पाहिलंस?"

"चार पूर्णांक चार. पण सगळ्यांनी..."

"सगळ्यांचं मी विचारलं नाही." मॅडमनी कागदी पेल्यातली कॉफी खाली ठेवली. "बाकीचे पाच म्हणतात आणि तुला चार पूर्णांक चार दिसतं. दासोम, याला काय म्हणतात माहितीये?"

"चूक?"

"प्रश्न म्हणतात. पंधरा दिवस शोधत होतीस तो."

तिथून पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. दासोमने माझ्या सातही बहिणींना टांगलं. सगळ्या जणी पाच, पाच, पाच. मीच एकटी वेगळी. मग तिने आम्हांला शेजारी शेजारी ठेवलं आणि सुईच्या टोकाने वेटोळी मोजू लागली. बहिणीची ऐंशी. माझी एकाहत्तर.

"दादा, हिची नऊ कमी आहेत!"

"त्यामुळेच कशावरून? ही गंजलेलीही आहे. म्हातारीही आहे."

दासोमने पेटी पुढे ओढली. मग तिने जे केलं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. तिने माझ्या एका धडधाकट बहिणीला घेतलं, तिच्या वरच्या नऊ वेटोळ्यांना लाकडी चिमट्यात घट्ट आवळलं, म्हणजे ती नऊ हलणारच नाहीत, आणि उरलेल्या एकाहत्तरांना वजन लावलं.

चार पूर्णांक चार.

उन-ग्योलने टेबलावर असा हात आपटला की मी खाली पडले. "बाळा, तू..." एवढंच त्याला बोलता आलं. लष्करात राहिलेल्या माणसाला त्याहून जास्त सुचलं नाही.

मग माझी वेटोळी कधी गेली हे शोधायला त्यांनी मावशींकडून कोठीची किल्ली घेतली. मावशींनी किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही. कोठीत जुन्या अहवालांचे गठ्ठे होते. दोघं जमिनीवर बसून एकेक चाळू लागली. जुन्या वर्षांत चार पूर्णांक नऊ होते, पाच पूर्णांक एक होते. आणि मग अचानक सगळीकडे पाच पूर्णांक शून्य दोन.

"दादा, खोलीचं तापमान बघ. सव्वीस अंश."

"मग?"

"हा प्रयोग मार्चमध्ये होतो. मार्चमध्ये इथे बाहेर बर्फ असतो. सव्वीस कुठून येणार?"

पुढच्या वर्षी सव्वीस. त्याच्या पुढच्या वर्षी सव्वीस. कुणीतरी एकाने कधीतरी जूनमध्ये केलेला प्रयोग बारा वर्षं उन्हाळ्यासकट उतरवला गेला होता. दासोम हसून हसून आडवी झाली. उन-ग्योल मात्र हसला नाही. त्याच्या हातात त्याचा स्वतःचा जुना अहवाल होता. पाच पूर्णांक शून्य दोन. सव्वीस अंश. आणि शेवटी सगळ्यांच्या होती तीच वळणदार, लाल शाईची सही. यो इन-तेक.

ब्योन मॅडमनी ते अहवाल पुन्हा पुन्हा उलटून बघितले. ज्यांनी निर्णय द्यायचा त्यांच्याच सह्या होत्या त्यावर. हे दाखवायचं म्हणजे वर्ग बुडवायची तयारी ठेवायची. आणि न दाखवता वर्ग वाचवला तर मग वाचवलं काय?

"दाखवा," शेवटी त्या म्हणाल्या. "सही झाकू नका. सहीकडे बोटही दाखवू नका."

जूनचा तो दिवस उकाड्याचा होता. मावशींनी नवे बटाटे उकडून मोठ्या पातेल्यात आणले होते, पण कुणी त्यांना हात लावला नव्हता. विभागातले सगळे प्राध्यापक बसले होते. दासोम आणि उन-ग्योल तीनदा वाकून नमस्कार करून उभी राहिली, त्यांनी मला टांगलं, बहिणीला चिमट्यात धरलं, जुने अहवाल टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं.

यो सरांनी शांतपणे विचारलं, "बारा वर्षं मुलांनी पाच मोजलं. ती सगळी चुकली आणि तुम्ही दोघं बरोबर?"

दासोमचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तिने तो तसाच राहू दिला. "ती चुकली नाहीत, सर. त्यांनी मोजलंच नाही."



"मी त्यांतलाच एक आहे, सर," उन-ग्योल म्हणाला. "माझा अहवाल त्या गठ्ठ्यात आहे. मी स्प्रिंगकडे बघितलंसुद्धा नव्हतं."

"ठीक. आणि नऊ वेटोळी गेली कुठे? उंदरांनी खाल्ली?"

"मी कापली."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मेंग मावशी हातात बटाट्याचं पातेलं घेऊन उभ्या होत्या.

"हूक तुटला होता, सर. मी नवा वळवला. वहीत लिहिलं नाही, भ्याले. म्हटलं, पोरं मोजतील तेव्हा कळेलच, तेव्हा सांगेन. बारा वर्षं वाट बघितली. कुणी मोजलंच नाही, तर सांगू कुणाला?" त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं. "आता या पोरीने मोजलं. म्हणून सांगते."

यो सर उठले. माझ्यापाशी आले. त्यांनी स्वतःच्या हाताने माझं वजन काढलं, मी स्थिर होईपर्यंत थांबले, पुन्हा वजन लावलं. मग, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, ते जमिनीवर टेकले आणि त्यांनी आपला डोळा पट्टीच्या बरोबर समोर आणला. किती वर्षांनी ते असे वाकले असतील कोण जाणे. त्यांच्या भुवया मला जवळून दिसल्या. पांढऱ्या झाल्या होत्या.

"चार पूर्णांक चार," ते म्हणाले.

मग त्यांनी मांडलेल्या अहवालांतला एक उचलला आणि शेवटचं पान बघितलं. "सही मात्र सुरेख आहे. बारा वर्षांत एकदाही बिघडली नाही." हसावं की नाही, कुणाला कळेना. ब्योन मॅडम हसल्या, तेव्हा सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"ब्योन मॅडम, वर्ग चालू ठेवा," उठता उठता ते म्हणाले. "बंद पेट्या नकोत. आणि मेंगबाई."

"जी सर."

"दरवर्षी फेब्रुवारीत या आठांपैकी एखादीत काहीतरी बदल करायचा. वहीत लिहायचा, वही कुलपात ठेवायची. मुलांना सांगायचं नाही. ब्योन मॅडमना नाही. मलाही नाही."

मावशींनी विचारलं, "तुम्हांलाही नाही?"

"मला तर मुळीच नाही. मी मोजीन."

मग सगळ्यांनी गार झालेले बटाटे मीठ लावून खाल्ले. उन-ग्योलने सहा खाल्ले.

लाल चिठ्ठी निघाली नाही, डिंकच तसा होता. पण जूनअखेर आली आणि गेली, आणि पेटी होती तिथेच राहिली. आता कधी एखाद्या बहिणीचं वेटोळं कमी होतं, कधी एखाद्या वजनाला आतून भोक पडतं. मुलं जोकबो अजून आणतात. प्रेमाने दिलेली वस्तू कोण टाकेल? पण आता ती माझ्याशेजारी उघडी ठेवतात, एक डोळा तिच्यावर आणि एक माझ्यावर, आणि दोघींमध्ये फरक सापडला की ओरडतात. तसं ओरडणं मला या वयातही गोड लागतं.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या गंजलेल्या जुन्या वस्तू तुमच्याही शाळेच्या कपाटात असतील. त्यांना पुसा, तेलाचा थेंब द्या, मोडल्या तर लपवू नका, पिशव्या तर अजिबात अडकवू नका. पण नुसतं जपून आम्ही जगत नाही. आमच्याबद्दल आधीच्यांनी काय लिहून ठेवलं ते खुशाल वाचा. मग वही बाजूला ठेवा, वजन लावा आणि आम्ही थरथरायच्या थांबेपर्यंत थांबा. तेवढा वेळ आम्हांला लागतो. आणि मग गुडघे टेकून डोळा आमच्या पातळीला आणा. वरून बघितलं तर आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो.